देवीचं नाव यादीत नव्हतं

संपादकांचं पत्र आलं: "आपल्या राजकारणातल्या आठवणी पाठवाव्यात." मी राजकारणात कधीच नव्हतो. मी आधी हायस्कुलात नागरिकशास्त्र आणि पुढे कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. पोहता न येणाऱ्या माणसाने भरती-ओहोटीवर व्याख्यानं द्यावीत, तसा हा धंदा. पण लोकांना हा फरक कधी पटला नाही. आमच्या आळीतले किराणा दुकानदार प्रत्येक निवडणुकीच्या आधी गुळाची ढेप फोडता फोडता विचारायचे, "मास्तर, कोण येणार?" मी म्हणायचो, ठाऊक नाही. ते म्हणायचे, "मग शिकवता तरी काय?" एकदा एक पालक माझ्याकडे भांडायला आले. मुलाने राज्यशास्त्र घेतलं होतं. "हे शिकून पोरगा मंत्री होणार का तलाठी, एवढंच सांगा." मी म्हणालो, यातलं काहीच होणार नाही, मात्र तुम्ही सांगितलेली गोष्ट तो का ऐकतो याचा विचार करू लागेल. त्यांनी दुसऱ्या दिवशी मुलाचा विषय बदलून घेतला.

पण खरं तेच होतं. घटना, कलमं, सभागृहं, खाती हा सगळा पसारा बाजूला सारला तर या विषयाच्या तळाशी एकच प्रश्न उरतो: माणूस दुसऱ्याचं का ऐकतो? शिपायाने हात वर केला की बैलगाडी थांबते. नवाबाचा हुकूम आला की गाव उठून उभं राहायचं. त्यांना हा अधिकार कोणी दिला, तो कुठवर चालतो, आणि सगळे हो म्हणत असताना एखादाच नाही म्हणाला तर त्या एकट्याचं काय करायचं? हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत जसंच्या तसं परत केलं. यातला शेवटचा प्रश्न मला कोणी शिकवला ते मात्र मी वर्गात कधी सांगितलं नाही. आता वय झालं आहे, म्हणून सांगतो.

ही गोष्ट एका पोटनिवडणुकीची. साल सांगत नाही, उमेदवारांची नावं सांगत नाही, चिन्हंही सांगत नाही. गुप्त मतदानाच्या बाबतीत एकदा तोंड पोळलं आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचं राज्य जाऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि मी तालुक्याच्या गावी हायस्कुलात नुकताच लागलो होतो, एवढं पुरे. मुंबईहून पदवी घेऊन आलो होतो. डोक्यात पुस्तकं होती आणि पायात नवे बूट. मास्तरांना निवडणुकीच्या कामाला जुंपायची पद्धत तेव्हापासूनची. मला केंद्राध्यक्ष नेमलं आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका कोळीवाड्यावर पाठवलं. ते केंद्र त्या एकाच गावाचं होतं. आगरदांड्याहून होडीने जायचं. बरोबर दोन कारकून, एक शिपाई, एक पोलीस आणि दोन लोखंडी पेट्या.

दोन पेट्या का, ते आजच्या वाचकाला सांगायला हवं. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतदाराला नाव-चिन्ह नसलेला छापील कागद द्यायचा. त्याने पडद्याआड जायचं, आवडेल त्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा आणि बाहेर यायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी ही उत्तम सोय होती. उमेदवार दोन, म्हणून पेट्या दोन. मी त्यांना उजवी आणि डावी एवढंच म्हणेन.

आम्ही आदल्या दिवशी दुपारी पोचलो. एकखोली शाळेत केंद्र थाटायचं होतं, पण पडद्याच्या कापडाचा गठ्ठा भलत्याच केंद्रावर गेलेला. आता आडोसा कशाचा करायचा? गावाच्या गावकीचे प्रमुख हाशा पाटील समोरच उभे होते. रुंद बांधा, पांढऱ्या मिशा, कमी बोलणारा माणूस. गावातल्या सगळ्यात मोठ्या गलबताचे मालक. त्यांनी माझी तारांबळ पाहिली आणि म्हणाले, "जुना शीड हाय माजा. तो बांदा." चार माणसांनी शीड आणलं आणि खोलीच्या कोपऱ्यात बांधलं. त्याला खाऱ्या पाण्याचा आणि माशांचा वास येत होता. पाटील स्वतः आत जाऊन उभे राहिले, चारी बाजूंनी बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "कायच दिसत नाय. बेस." भारतीय प्रजासत्ताकाचं गुप्त मतदान हाशा पाटलांच्या शिडाआड होणार, याचं मला मोठं कौतुक वाटलं. पत्नीला सांगायला चांगला किस्सा मिळाला असं मनाशी म्हटलं.

गावाने आधीच ठरवलं होतं. गावातले प्राथमिक शिक्षक साळवी गुरुजी यांनी मला हळूच सांगितलं. मागच्या मंगळवारी देवीच्या देवळात पुरुषांची बैठक झाली, नारळ ठेवला, आणि सगळ्या गावाची सगळी मतं उजव्या पेटीत टाकायची असं ठरवून तो नारळ फोडला. बदल्यात उमेदवाराने धक्का बांधून द्यायचं कबूल केलं होतं. धक्का म्हणजे होड्या लावायचा दगडी बांध. तो नसल्यामुळे ओहोटीला बायका गुडघाभर चिखलातून डोक्यावर पाट्या घेऊन चालत. त्या गावाला धक्का किती हवा होता, हे माझ्या नव्या बुटांनी उतरताच ओळखलं होतं.

पुस्तकी माणसाला हे खटकलं. मत हे व्यक्तीचं, गावाचं नव्हे! संध्याकाळी मी साळवी गुरुजींकडून घासलेटचे दोन रिकामे डबे मागून घेतले, त्यांवर खडूने दोन खोटी चिन्हं काढली आणि बाजारातून परतलेल्या बायकांना किनाऱ्यावर जमवून मतदानाचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्यात नियमबाह्य काही नव्हतं. कोणाला मत द्या असं मी बोललो नाही. पण प्रात्यक्षिकाचं व्याख्यान कधी झालं ते कळलं नाही. "आत तुम्ही एकट्या," मी म्हणालो. "तिथे नवरा नाही, सासू नाही, पाटील नाहीत, मीसुद्धा नाही. तुम्ही काय केलंत ते जगात कोणाला कळणार नाही."

एक बाई डोक्यावरची पाटी न उतरवता मागे उभी होती. तिशीची असेल. नाव चांगुणा. सुकट-बोंबील घेऊन ती तालुक्याच्या बाजारात बसायची, तिचा नवरा नामा हा हाशा पाटलांच्याच गलबतावर खलाशी. तिने विचारलं, "आन देवी? देवीला तं कलंल?"

बायका हसल्या. मला वाटलं, आता झकास उत्तर द्यावं. म्हणालो, "देवीचं नाव मतदार यादीत नाही, बाई. तिला शिडाआड सोडणार नाही मी."

हशा पिकला. चांगुणाबाई हसली नाही. मान हलवून तिने ते नीट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मतदान शांतपणे झालं. कोणी पेटीवर फूल ठेवलं, कोणी हात जोडले. एक आजोबा कागद टोपीत खोचून तसेच बाहेर आले. एवढा चांगला कागद पेटीत का टाकायचा, असा त्यांचा सवाल होता. त्यांना परत आत धाडलं. बहुतेकजण क्षणभरात बाहेर येत होते, कारण विचार करायचं काही शिल्लक नव्हतं. चांगुणाबाई आत गेली ती बराच वेळ आली नाही. कारकून ओरडणार होता, "बाई, झालं का?" मी त्याला हाताने थांबवलं. ती बाहेर आली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओल्या शाईचं बोट पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून निघून गेली.

मोजणी चार दिवसांनी मामलेदार कचेरीत. प्रत्येक केंद्राच्या पेट्या स्वतंत्र उघडून केंद्रवार आकडे लिहायचे अशी तेव्हाची रीत. मला मदतनीस म्हणून बसवलं होतं. आमच्या कोळीवाड्याची उजवी पेटी उघडली आणि कागदांचा ढीग पडला. डावी पेटी उलटी केली तर काहीच पडलं नाही. अधिकाऱ्याने तिच्या बुडावर थाप मारली. तेव्हा घडी घातलेला एकच कागद टेबलावर पडला.

कचेरीत हशा झाला. उजव्या पेटीवाल्या उमेदवाराच्या माणसाने शेजारी उभ्या असलेल्या हाशा पाटलांच्या पुतण्याला कोपर मारून म्हटलं, "काय रे, पाटलांचं गाव फुटलं की!" तो थट्टेतच म्हणाला. त्यांचा उमेदवार आरामात निवडून येत होता. त्या एका कागदाने निकालात काडीचाही फरक पडला नाही. मला मात्र आनंद झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. माझा आडोसा चालला होता. एका माणसाने तरी एकट्याने विचार केला होता. तो कोणी केला हे मला मनोमन ठाऊक होतं. घरी जाऊन मी पत्नीला शिडाचा किस्सा सांगितला, आणि या कागदाचाही. त्या रात्री मी दोन घास जास्तच जेवलो.

एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात मला जी गोष्ट कोणत्याही पुस्तकात वेळेवर दिसली नाही, ती ही. गुप्त मतदान गर्दीत लपवतं. जिथे मतं दहा बाजूंना विखुरतात, तिथे तुमचं मत सापडत नाही. पण सगळं गाव एकीकडे असलं तर एकटं मत उघड्यावर पडतं. त्यावर नाव नसलं तरी गाव ते शोधू लागतं. मी त्या बाईला शीड दिलं होतं. मोजणीच्या टेबलावर ते नव्हतं.

पुढच्या रविवारी साळवी गुरुजी माझ्या घरी आले. सज्जन, थकलेला माणूस. चहा घ्यायच्या आधीच बोलू लागले. गावात मोठी खळबळ होती. धक्क्याचं राहू द्या, पण देवीपुढे नारळ फोडून दिलेला शब्द खोटा पडला होता, आणि समुद्रावर जाणाऱ्या माणसांना ती गोष्ट साधी नव्हती. मंगळवारी देवळात यादीतल्या प्रत्येकाने, या वेळी बायकांनीही, नारळावर हात ठेवून सांगायचं होतं: मी शब्द मोडला नाही. जो खोटं बोलेल त्याच्या घरचं माणूस दर्यावरून परत येणार नाही, अशी शपथ.

"ती खोटी शपथ घेणार नाही," गुरुजी म्हणाले. त्यांनाही ओळख पटली होती. "तिचा नवरा रोज पाण्यावर जातो. आणि खरं बोलली तर वाळीत पडेल. तुम्ही मंगळवारी या. केंद्राध्यक्ष होतात तुम्ही. सांगा की, एक कागद पेटीच्या बाहेर पडलेला सापडला आणि तो तुमच्या हातून चुकून डाव्या पेटीत टाकला गेला. त्या टोपीवाल्या आजोबांचं सगळ्यांनी पाहिलंय, कोणालाही पटेल. मिटेल सगळं."

खरोखरच मिटलं असतं. मात्र बाहेर सापडलेला कागद रद्द करायचा असा नियम होता. तो आपण पेटीत टाकला असं केंद्राध्यक्षाने चारचौघांत सांगितलं की त्याची चौकशी होणार, आणि मी नोकरीत अजून कायमही झालो नव्हतो. मी गुरुजींना हे असं सांगितलं नाही. मी म्हणालो, मतपेटीच्या बाबतीत असत्य बोलणं मला शक्य नाही, लोकशाहीचा पाया आहे तो. माणूस घाबरला की तत्त्व किती तत्परतेने धावून येतं! गुरुजींनी चहा घेतला, कप खाली ठेवला. दारात म्हणाले, "बरं, नुसते तरी याल का? तिला बरं वाटेल." मी म्हणालो, बघतो. पेपर तपासायचे आहेत.

पुढचं गुरुजींनीच मला नंतर सांगितलं. देऊळ भरलं होतं. एकेक जण पुढे येत होता, नारळावर हात ठेवून बोलत होता. चांगुणाबाईची पाळी आली. तिने हात नारळाजवळ नेला आणि मागे घेतला. म्हणाली, "तो कागद माजा. डाव्या पेटीत मीच टाकला."

मग हाशा पाटील बोलले. हे सांगितलं नाही तर त्या माणसावर अन्याय होईल. ते म्हणाले, "बाईमानूस हायस. अंदारात घोटाला जाला असंल. चुकून परला म्हन, देवीच्या पाया पर, आन घरा जा. कोनी काय बोलनार नाय."

"चुकून नाय," ती म्हणाली. "बगून टाकला."

गुरुजी म्हणाले, पाटलांनी डोळे मिटून घेतले. त्यांना ते नको होतं. पण नारळ त्यांनीच ठेवला होता.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांनी नीट समजून घ्यावं. कोणी मारत नाही, शिवी देत नाही. फक्त विहिरीवर तुम्ही आलात की बाकीच्या बायका घागरी उचलून निघून जातात. चुलीला विस्तव कोणी देत नाही. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू असतो, तुमची बोली कोणालाच ऐकू येत नाही. बाजाराला जाणाऱ्या होडीत तुमच्यासाठी जागा नसते. घरात मयत झालं तर खांदा द्यायला कोणी येत नाही. तेव्हा मुंबई राज्यात याविरुद्ध कायदा होता. मी तो मुलांना शिकवतही होतो. पण कायद्याला तक्रार लागते, तक्रारीला साक्षीदार लागतात, आणि साक्षीदारांना त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं.

मी गावकीला शिव्या घालणार नाही. तुफानात होडी उलटली तर तीच माणसं जीव धोक्यात घालून जात. विधवेच्या घरी पहिली मासळी तीच पोचवत. ते एक राज्यच होतं, नवाबाच्या आधीपासूनचं. त्याआधीच माझ्याकडून आणखी एक पाप घडलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. नोकरीतल्या पहिल्याच सहामाही परीक्षेत एका मुलीने लिहिलं होतं: "सार्वभौम सत्ता म्हणजे जिच्यावर दुसरी सत्ता नाही ती. आमच्या गावात ती गावकीकडे असते." मी लाल शाईने शून्य दिलं आणि शेरा मारला, "पुस्तक वाचावे." पुस्तक तिने वाचलं होतं. गाव मी वाचलं नव्हतं. नंतर मी तिचा पेपर शोधला, पण तो केव्हाच रद्दीत गेला होता आणि मुलीचं लग्न होऊन ती पालीकडे गेली होती.

नामाला गावकीने सांगितलं, तुझा काही दोष नाही. बायकोची चूल वेगळी कर आणि गलबतावर ये. त्याने चूल वेगळी केली नाही. तीन महिने दोघांनी ओढले. मग एका पहाटे घरातली भांडी घेऊन ते चालत निघाले आणि उरणकडे मिठागरावर कामाला लागले. ज्याच्या सात पिढ्या समुद्रावर गेल्या, तो माणूस समुद्राचं पाणी वाफ्यांत अडवून वाळवू लागला. धक्का पुढे काही वर्षांनी झाला. चांगला मजबूत आहे. चांगुणाबाईने त्यावर कधी पाय ठेवला नाही.

वर्षं गेली. मी एम.ए. केलं, जिल्ह्याच्या उत्तरेला नव्या निघालेल्या कॉलेजात लागलो. मतदानाची पद्धतही बदलली. आता सगळ्या चिन्हांची एकच पत्रिका, तिच्यावर शिक्का मारायचा आणि पेटीही एकच. त्या नव्या पद्धतीच्या निवडणुकीत माझी नेमणूक झाली उरणजवळच्या मिठागरांच्या एका गावी. या वेळी पडद्याचं कापड सरकारी होतं आणि वेळेवर आलं होतं.

दुपारी रांग विरळ झाली तेव्हा एक बाई आत आली. पायांना फडकी गुंडाळलेली. मिठाच्या वाफ्यात उभं राहून पायांना जखमा होतात, त्यांची. कारकुनाने नाव वाचलं, आणि मी मान वर केली. केस बरेच पिकले होते. केंद्राध्यक्षाने मतदाराशी गप्पा मारायच्या नसतात, याचा मला आधारच वाटला. बोटाला शाई लावून घेता घेता तीच म्हणाली, "मास्तर, या खेपंला यादीत देवीचा नाव घातलाव का?"

कारकून हसला. त्याला वाटलं, खेडवळ बाई आहे.

पाच वाजता मतदान संपलं. पेटीला मोहर लावून आम्ही ट्रकची वाट पाहत बसलो. ती शाळेबाहेर पिंपळाच्या पारावर बसली होती, बहुधा माझ्यासाठीच. मी जाऊन शेजारी बसलो. नामाची चौकशी केली. गेल्या पावसाळ्यात वारला म्हणाली. शेवटच्या दिवसांत गलबताचीच बडबड करत होता.

मग तिने विचारलं, "मोजताना अजून गावागावाचा येगला मोजतात?"

"हो."

"कशाला? सगल्या गावांच्या पेट्या एका जागी वता, कालवा, मंग मोजा. कुनाचा कंचा, कुनाला कलनार?"

कितीतरी ग्रंथ चाळूनही मला हे सुचलं नव्हतं. घरी आल्यावर मी ही सूचना लिहून वरच्या कचेरीला पाठवली. "नोंद घेतली आहे" असं एका ओळीचं उत्तर आलं. पुढे बऱ्याच वर्षांनी मतपत्रिका मिसळून मोजण्याची पद्धत सुरू झाली. ती माझ्या पत्रामुळे खासच नाही. पण वर्गात मी ती शिकवायचो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो पार यायचा.

त्या संध्याकाळी मला राहवलं नाही. मी विचारलं, "चांगुणाबाई, दुसऱ्या उमेदवारात तुम्ही काय पाहिलंत?"

"मी त्याला बगला पन नव्हता," ती म्हणाली. "देवलात पुरुषांनी ठरवला. घरा येऊन सांगतला, उजवी पेटी. मना कोनी इचारलाच नाय. जल्मात कोनी कंदी इचारला नव्हता, मास्तर. त्या शिडाच्या आत गेली, दोन पेट्या व्हत्या, कोनी बोलत नव्हता. मना वाटला, आता मना इचारतात."

मग मी सगळं सांगून टाकलं. गुरुजी आले होते ते, एका खोट्या वाक्याने ती सुटली असती ते, आणि मी नोकरीला घाबरलो आणि लोकशाहीचं नाव पुढे केलं ते. लाज वाटत होती, आणि कुठेतरी माफीची आशाही होती.

ती बोटावरची शाई अंगठ्याने चोळत म्हणाली, "तुमी खोटा बोल्लाव असतं, तं मी वाचली असती. पन मंग तो मत तुमचा जाला असता. पाटील पन तेच सांगत व्हता, चुकून परला म्हन. माजा एकच व्हता, तो तुमाला कशाला देऊ?"

मला हायसं वाटलं. खोटं सांगायला नको, मला खरोखरच हायसं वाटलं. लांबून ट्रकचा आवाज येऊ लागला. मी उठलो. तेव्हा ती म्हणाली,

"पन मास्तर, तुमी यायचा व्हता. बोलायचा कायच नव्हता. नुसता येऊन हुबा रायचा व्हता. त्या देवलात माज्या बाजूला कोनीच नव्हता."

पाय सावरत ती उठली आणि मिठागराच्या बांधावरून चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

खोटं बोलावं की बोलू नये, या एका प्रश्नावर मी तेव्हापासून कितीदा तरी स्वतःशी वाद घातला होता. तिसराही मार्ग आहे, हे साळवी गुरुजींनी दारात उभं राहून सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं नव्हतं. त्या मंगळवारी आगरदांड्याहून सकाळी होडी होती. खाडी शांत होती. शाळेला सुट्टी होती, आणि तपासायचे पेपर मी सोमवारीच संपवले होते.